तळ्याकाठी सहकुटुंब मुक्काम: जागा निवडताना फोटो नव्हे, काठ बघा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की बेळगाव, खानापूर, चंदगड पट्ट्यातल्या घरांत एकच विषय निघतो: यंदा कुठल्या धरणावर जायचं? तंबू भाड्याने मिळतो, गळ आणि तंगूस बाजारात मिळतं, चटई आणि पातेली गाडीत बसतात. उरतो तो जागेचा प्रश्न, आणि तो बहुतेक वेळा मोबाईलवरच्या एखाद्या फोटोवर सुटतो. निळं पाणी, हिरवा डोंगर, काठावर पिवळा तंबू. पाणी किती पावलांवर खोल होतं, मासे धरायचा हक्क कोणाचा आहे, रात्री कोणतं जनावर पाण्यावर येतं आणि मध्यरात्री दवाखाना गाठायचा झाला तर डांबरी रस्ता किती लांब आहे, यातलं काहीच त्या फोटोत दिसत नाही.

लहान मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन जायचं तर याच गोष्टी आधी कळायला हव्यात. त्यासाठी पाच प्रश्न पुरतात. त्यांची उत्तरं मिळाली की कुठलं तळं आपलं आणि कुठलं नुसतं लांबून बघायचं, हे आपोआप ठरतं.

आपल्याकडचं तळं म्हणजे बुडालेलं खोरं

दख्खनच्या पठारावर नैसर्गिक सरोवरं जवळपास नाहीतच. लोणारसारखा अपवाद सोडला तर आपण ज्याला तळं किंवा ‘लेक’ म्हणतो ते एकतर जुना गावतलाव असतो, नाहीतर नदी अडवून केलेलं धरण. दोन्हींत मोठा फरक आहे. गावतलाव साधारणपणे उथळ, बशीसारखा. धरणाचं तसं नाही. तिथे एक अख्खं खोरं पाण्याखाली गेलेलं असतं. शेताचे बांध, विहिरी, झाडांचे बुंधे, घरांची जोती, जुना रस्ता, सगळं जागच्या जागी असतं, आणि मधून नदीचं जुनं पात्र गेलेलं असतं. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला विहिरीत किंवा पात्रात जाऊ शकतो. वरून पाणी एकसारखंच दिसतं.

याचा सगळ्यांत स्पष्ट दाखला गोव्यात बघायला मिळतो. सांगे तालुक्यातल्या साळावली धरणात कुर्डी गाव बुडालं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. मे महिन्यात पाणी उतरलं की गावाचे अवशेष वर येतात आणि मूळ गावकरी सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. जोयडा तालुक्यातलं जुनं सुपा असंच काळी नदीच्या धरणाखाली गेलं, तिथली कुटुंबं रामनगरला वसली. मुद्दा एवढाच, की धरणाचा तळ कसा आहे हे सांगू शकणारी माणसं असतात. काठावरच्या गावातल्या एखाद्या वयस्क मामांना ‘पाणी आटतं तेव्हा इथे काय दिसतं?’ एवढं विचारलं तरी जे कळतं ते कुठल्याही नकाशात नसतं.

पहिला प्रश्न: हे पाणी कशासाठी राखलंय?

पिण्यासाठी राखलेल्या जलाशयाच्या काठी मुक्काम करू नये. बेळगावकरांना राकसकोप सगळ्यांत जवळ पडतं. मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय शहराला पाणी देतो. पावसाळ्यात पातळी २४७५ फुटांपर्यंत पोहोचली का, हे अर्धं शहर रोज पेपरात बघत असतं. त्याच पाण्याच्या काठी चूल मांडायची, भांडी घासायची आणि सकाळी आडोशाला जायचं, म्हणजे आपल्याच नळात घाण सोडण्यासारखं आहे. राकसकोपला दिवसा जाऊन लांबून पाणी बघून यावं, तेवढं पुरे. गोव्यात साळावलीलाही हेच लागू. अर्ध्या गोव्याची तहान त्यावर भागते.

पाटबंधाऱ्यांचे जलाशय थोडे मोकळे असतात, पण तिथेही धरणाची भिंत, सांडवा, दरवाजे आणि कालव्याचं तोंड हा भाग प्रतिबंधितच असतो. तंबू टाकायचा तो भिंतीपासून लांब, मागच्या पसरलेल्या पाण्याच्या बाजूला, आणि जमीन ज्याची आहे त्याला विचारून. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन मोकळी दिसते, पण बऱ्याच ठिकाणी तिच्यावर कुणीतरी पीक घेत असतं.

दुसरा प्रश्न: मासे कोणाचे?

‘नदीतले मासे, त्यांना कसली परवानगी?’ असं बरेच जण म्हणतात. पण धरणातले मासे बहुतेक वेळा आपोआप आलेले नसतात. महाराष्ट्रात पाटबंधारे तलावांतला मासेमारीचा हक्क ठेक्याने दिला जातो, बहुतांशी मच्छीमार सहकारी संस्थांना. संस्था पैसे भरते, मत्स्यबीज आणून सोडते आणि वर्षभर राखण करते. कर्नाटकात मत्स्य खातं तलाव ठेक्याने देतं, जलाशयांवर परवाने देतं. म्हणजे कटला-रोहूमागे कुणाचा तरी पैसा आणि कष्ट असतात. धरणात जमीन गेलेल्या कितीतरी कुटुंबांचं पोट याच पाण्यावर चालतं.

म्हणून गळ टाकण्याआधी संस्थेच्या माणसाला किंवा ठेकेदाराला भेटायचं. एक-दोन गळांनी हौसेला मासे धरायचे म्हटलं तर बऱ्याच ठिकाणी अडवत नाहीत. कुठे थोडे पैसे घेतात, कुठे नाही म्हणतात. नाही म्हटलं तर वाद घालू नये. त्यांच्याचकडून ताजा मासा विकत घेतला तर जेवणही चांगलं होतं आणि ओळखही होते.

काही ठिकाणी मात्र विचारायचाही प्रश्न नाही:

– अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हौशी मासेमारी चालत नाही. राधानगरी अभयारण्य आणि काळी व्याघ्र प्रकल्प यांच्या हद्दीतलं पाणी यात येतं.

– आंबोलीजवळचा हिरण्यकेशी परिसर. इथे सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या बोटाएवढ्या माशासाठी २०२१ साली तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. दर्शन घ्यायचं, पाण्यात हात घालायचा नाही.

– देवाचे डोह. गावाने राखलेल्या डोहातले मासे कायद्याने नाही तरी रिवाजाने देवाचे असतात.

– स्फोटकं किंवा विष वापरून मासे मारणं १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. पाण्यावर मेलेले मासे तरंगताना दिसले तर ते उचलून खाऊ नयेत. पावडर टाकून मारलेले असू शकतात.

आणि पावसाळा. मृगाच्या पावसात ओढ्यांना पाणी आलं की मासे अंडी घालायला वर चढतात. चंदगड, खानापूर, दोडामार्ग भागात चढणीच्या माशांची आवड जुनी आहे. पण पोटात अंडी असलेला मासा धरला तर पुढच्या वर्षीचा मासा धरल्यासारखंच आहे. जून ते सप्टेंबर गळ घरीच ठेवावा.

तिसरा प्रश्न: काठ कसा उतरतो?

कुटुंबासाठी जागा निवडताना सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. चांगला काठ असा ओळखायचा:

– जिथे गुरं पाण्यावर उतरतात ती जागा आधी बघावी. म्हशी-बैल रोज उतरतात म्हणजे उतार सौम्य आणि जमीन बरीच घट्ट असते. तंबू मात्र त्या वाटेच्या बाजूला, वाटेवर नाही.

– लांब काठी घेऊन एका मोठ्या माणसाने काठावरून पाच-सहा ठिकाणी खोली बघावी. दोन पावलांत काठी बुडत असेल तर ती जागा सोडून द्यावी.

– भिंतीजवळचे मुरूम काढलेले खड्डे टाळावेत. धरणाच्या भरावासाठी माती-मुरूम जवळपासच उकरलेला असतो. असे खड्डे सरळ कड्यासारखे खोल असतात.

– मार्चनंतर पाणी मागे सरकतं आणि मधे गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो, पण खाली चिखल असतो. मूल त्यात मांडीपर्यंत रुतू शकतं.

– खडकाळ काठावर शेवाळ असतं. गळ टाकायला उभं राहण्याची जागा कोरडी आणि सपाट हवी.

चौथा प्रश्न: पाणी आणि वारा कधी पालटतो?

धरणाच्या खालच्या बाजूला, नदीपात्रात, कधीही मुक्काम करू नये. पात्र कोरडं असो, उन्हाळा असो, तरी नाही. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पातळी गाठली की ते आपोआप उघडतात. गणेशगुडीच्या सुपा धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं जातं. त्या हिशेबाने खाली काळी नदी दिवसातही कमीजास्त होते. पात्रातल्या खडकावर बसलेल्या माणसाला हे पाणी येताना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

वरच्या बाजूला धोका असतो तो वाऱ्याचा. एप्रिल-मेमध्ये दिवसभर आरशासारखं असलेलं पाणी संध्याकाळी वळवाच्या वाऱ्याने दहा मिनिटांत खवळतं. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कळाशी–कुगाव दरम्यान अशाच वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. रोज त्याच वाटेने जाणाऱ्यांचंही वाऱ्यापुढे काही चाललं नाही.

महिन्यांचा हिशेब साधारण असा:

– जून ते सप्टेंबर: काठावर मुक्काम नाही. पाणी वाढतं असतं, ओढे अचानक फुगतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते अशाच अचानक आलेल्या लोंढ्यात.

– ऑक्टोबर: धरणं काठोकाठ, परतीच्या पावसात विजा. दिवसाची सहल ठीक, मुक्काम जरा थांबून.

– नोव्हेंबर ते फेब्रुवारी: सगळ्यांत चांगला काळ. पाणी स्थिर, आकाश स्वच्छ. थंडी मात्र चंदगड, जोयडा भागात चांगलीच पडते.

– मार्च ते मे: पाणी लांब, गाळ जास्त, दुपारी ऊन, संध्याकाळी वळीव. जायचंच तर रात्री मुक्कामाला घरात.

पाचवा प्रश्न: रात्री तिथे कोण येतं?

दोडामार्ग, चंदगड आणि आजरा भागात गेली वीसेक वर्षं रानटी हत्ती फिरतात. कर्नाटकातून आलेले हे हत्ती तिलारीच्या खोऱ्यात रमले. हत्ती पाण्याला रात्री किंवा पहाटे येतो आणि तंबूतल्या तांदळाचा, केळ्यांचा वास त्याला लांबून लागतो. तिलारीचं जंगल २०२० पासून संवर्धन राखीव क्षेत्रही आहे. तिथे उघड्यावर तंबू नको. राधानगरी-दाजीपूर आणि काळीच्या जंगलात गवे आहेत. दांडेलीला काळी नदीत आणि सांगलीकडे कृष्णा-वारणेत मगरी आहेत. ‘इथे मगर आहे का?’ हा प्रश्न वनरक्षकाला आणि मच्छीमाराला, दोघांनाही विचारावा. दोघांपैकी एकानेही हो म्हटलं तर पाण्यात पाय सोडून बसायचं नाही.

लहान जनावरांचा धोका जास्त खरा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत चावते. दुखत नाही म्हणून कळतही नाही. उघड्यावर चटई टाकून झोपण्यापेक्षा चेन पूर्ण लागणारा तंबू किंवा खाट बरी.

या भागाचं आणखी एक दुखणं म्हणजे माकडताप. शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये पहिल्यांदा ओळखलेला हा ताप गोचिडींमुळे होतो. गेल्या दशकात तो गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही आढळला. त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या सहलींचा. जंगलाला लागून असलेल्या तळ्यावर जाण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक फोन करून ‘यंदा माकडं मेल्याची खबर आहे का?’ असं विचारावं. आहे म्हणाले तर जागा बदलावी. पालापाचोळ्यावर बसू नये, अंगभर कपडे घालावेत आणि संध्याकाळी मुलांच्या कानामागे, काखेत, जांघेत गोचीड आहे का ते बघावं. घरी आल्यावर दोन आठवड्यांत जोराचा ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगावं.

कुठे जावं: बेळगाव आणि आसपास

हिडकल. हुक्केरी तालुक्यात घटप्रभेवरचं हे धरण सुमारे ५१ टीएमसीचं. चंदगडकडच्या पावसाचं पाणी घटप्रभेतून इथे येतं. जलाशय पसरट, भोवती गावं आणि शेतं. जंगली जनावराचा त्रास कमी, रस्ता जवळ, दवाखाना जवळ. गावाच्या ओळखीने शेतात मुक्काम आणि ठेकेदाराला विचारून काठावर गळ, हे कुटुंबाला सगळ्यांत सोयीचं. बेळगावचं थोडं पिण्याचं पाणी इथूनही येतं, म्हणून भिंतीपासून आणि पाणी उचलण्याच्या ठिकाणापासून लांबच राहावं.

नविलुतीर्थ. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा सौंदत्तीजवळ अडवली आहे. जलाशयाला रेणुकासागर म्हणतात, क्षमता सुमारे ३७ टीएमसी. मैदानी, उघडा मुलूख. झाडं कमी, म्हणून दुपारी सावलीची सोय न्यावी लागते. यल्लमाच्या यात्रेच्या दिवसांत गर्दी टाळावी. वारा मोकळा असल्याने तंबूचे खुंटे खोल ठोकावेत.

काळम्मावाडी. दूधगंगेवरचं, महाराष्ट्र-कर्नाटकाचं मिळून केलेलं धरण. निसर्ग सुंदर, पण खोरं खोल आणि काठ बऱ्याच जागी तीव्र. मोठी मुलं असतील तर दिवसा जावं. मुक्काम गावातल्या घरात.

तिलारी आणि तिलारीनगर. दोडामार्गातलं तिलारी धरण महाराष्ट्र आणि गोव्याचा संयुक्त प्रकल्प. वर चंदगड तालुक्यात तिलारीनगरचा वीज प्रकल्प. बघायला जरूर जावं, पण हत्ती आणि संवर्धन राखीव क्षेत्र लक्षात घेता रात्री छपराखाली.

सुपा. काळी नदीवरचं १०१ मीटर उंचीचं धरण. खोल पाणी, घनदाट जंगल. काठावर आपल्या मनाने तंबू टाकायची ही जागा नाही. परिसरात राहण्याच्या रीतसर सोयी आहेत, त्याच वापराव्यात.

मये, गोवा. डिचोली तालुक्यातलं छोटं तळं, पर्यटनासाठी राखलेलं. लहान मुलांची पहिली तळ्याची सहल म्हणून चांगलं. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं आणि दारू पिणं यावर २०१९ पासून बंदी आहे, दंडही होतो. जेवण शिजवून न्यावं.

इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद

या शहरांतल्या मराठी घरांसाठीही प्रश्न तेच, उत्तरं थोडी वेगळी. इंदूरजवळचा होळकरांच्या काळातला यशवंत सागर आणि शहरातला सिरपूर तलाव हे दोन्ही २०२२ पासून रामसर स्थळं आहेत. पक्षी बघायला उत्तम, गळ आणि चुलीसाठी नाही. ग्वाल्हेरचं तिगरा शहराला पाणी देतं, तिथे दिवसाची सहल पुरे. वडोदऱ्याचं आजवा सयाजीराव महाराजांनी शहराच्या पाण्यासाठी बांधलं. त्यात मगरी आहेत, तेव्हा काठावर मुक्कामाचा विचारही नको. डभोईजवळचा वढवाणा तलाव रामसर यादीत आहे, हिवाळ्यात पक्ष्यांसाठी जावं. हैदराबादचे उस्मान सागर आणि हिमायत सागर १९०८ च्या मुसी पुरानंतर बांधलेले, पिण्याच्या पाण्याचे. मंजीरा अभयारण्यात मगरी आहेत.

मोठ्या शहराशेजारचं नावाजलेलं तळं बहुतेक वेळा पिण्याच्या पाण्याचं किंवा पक्ष्यांचं निघतं. मुक्कामाला आणि गळाला पाव्हण्यांच्या गावचा पाझर तलाव जास्त बरा. तिथे ओळख असते, काठ उथळ असतो आणि रात्री घर दोन हाकांवर असतं.

पोरांना गळ शिकवताना

मुलांसाठी साधी बांबूची काठी, बारीक तंगूस, छोटा गळ, शिशाचा मणी आणि तरंगायला मोरपिसाचा देठ किंवा थर्माकोलचा तुकडा एवढं पुष्कळ. आमिषाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा. कणकेत शेंगदाण्याची पेंड मिसळली की वास चांगला सुटतो. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. मुलांना मात्र काठाजवळ फिरणारी चिलापी पटकन लागते आणि पहिल्या माशाचा आनंद तीच देते. मरळ पाणवनस्पतींच्या कडेला असते. तिच्याबरोबर पिल्लांचा पुंजका दिसला तर गळ काढून घ्यावा.

हिवाळ्यात अगदी पहाटे मासा सुस्त असतो. ऊन वर आल्यावर आणि संध्याकाळी कलती उन्हं असताना जास्त लागतो. म्हणजे मुलांची झोप मोडून अंधारात काठावर जायचं कारणच नाही.

गळ मागे नेऊन फेकताना पाठीमागे कोण आहे ते बघायचं, ही पहिली शिस्त. गळ बोटात रुतला आणि काटा आत गेला तर ओढू नये, दवाखान्यात काढून घ्यावा. मिशीवाल्या शिंगाळ्याला मूठ मारून धरू नये, पंखातला काटा लागतो. म्हसीर लागला तर पाण्यातच गळ सोडवून जाऊ द्यावा. तुटलेलं तंगूस एका डबीत गोळा करून घरी आणावं. काठावर राहिलं तर बगळ्या-पाणकोंबड्यांच्या पायात अडकतं.

मुक्काम आणि चूल

तंबू पाण्यापासून निदान पन्नास-साठ पावलं लांब आणि चार-पाच हात उंचावर. पहाटे मूल एकटं बाहेर पडलं तरी पाण्यापाशी पोहोचायला वेळ लागला पाहिजे. मोठ्या एकट्या झाडाखाली किंवा टेकडीच्या माथ्यावर नको, वीज पडते. थंडीत पेटती शेगडी किंवा निखाऱ्यांची पाटी तंबूत नेऊ नये. बंद जागेत तिच्या धुराने झोपेतच जीव जातो.

पिण्याचं पाणी घरून न्यावं. भांडी काठापासून लांब घासावीत, साबणाचं पाणी मातीत जिरू द्यावं. आडोशाची जागा पाण्यापासून दूर, खड्डा करून, वरून माती. रात्री उरलेलं अन्न आणि माशांची आतडी तंबूजवळ ठेवू नयेत.

पाण्यात कोण, काठावर कोण

पोहता येणं आणि धरणात पोहता येणं यात फरक आहे. वर पाणी कोमट असलं तरी खाली थंड असतं, गोळे येतात. कुटुंबासह असताना पोहणं टाळावं हेच बरं. होडीत बसायचं तर प्रत्येकाला, तान्ह्या मुलासकट, मापाचं जीवरक्षक जाकीट हवं. नसेल तर होडी सोडून द्यावी, पैसे भरले असले तरी. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. त्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगावर जाकीट नव्हतं. तळं शहरातलं होतं, काठ दिसत होता, तरी हे झालं.

मुलं काठावर असताना एका मोठ्या माणसाचं काम फक्त बघण्याचं. त्याने गळ धरायचा नाही, मोबाईल बघायचा नाही, भाकरी थापायची नाही. दर अर्ध्या तासाने पाळी बदलायची. ‘सगळेच बघतायत’ म्हटलं की कुणीच बघत नसतं.

कुणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नये. एकाच घरातली दोन-तीन माणसं एकदम जातात ती यामुळेच. वीस-पंचवीस हात लांब दोरी आणि झाकण घट्ट बसणारा पाच लिटरचा रिकामा कॅन एकत्र बांधून तयार ठेवावा आणि तोच फेकावा. काठीही चालते, धोतर-साडीही चालते. बाहेर काढल्यावर उलटं धरून पोटातलं पाणी काढायच्या भानगडीत वेळ घालवू नये. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब सुरू करावा. ११२ किंवा १०८ ला फोन करावा.

साप चावला तर कापू-बांधू नये, मांत्रिकाकडे नेऊ नये. हातपाय न हलवता थेट सरकारी दवाखाना. राज्याच्या सीमेवर असताना जवळचं इस्पितळ कुठल्या राज्यात आहे हे बघत बसायचं नाही, जे आधी येतं ते आपलं.

निघण्याआधी

– पाणी कशासाठी आहे, मासे कोणाच्या ठेक्यात आहेत आणि जमीन कोणाची, हे विचारलं?

– काठ दिवसाउजेडी पाहिला? काठीने खोली पाहिली?

– अभयारण्याची हद्द, हत्ती, मगर, माकडताप यांची चौकशी झाली?

– तंबूच्या जागी मोबाईलला रेंज आहे? नसेल तर रेंज कुठे येते ते माहीत आहे?

– रात्री गाडी डांबरी रस्त्यावर किती मिनिटांत जाते, आणि सर्पदंशाची लस असलेला दवाखाना कुठे आहे?

– दोरी आणि कॅन गाडीत आहे?

– गावात एक तरी माणूस असा आहे का, ज्याला आपण तिथे आहोत हे ठाऊक आहे?

यातल्या एखाद्या प्रश्नाला ‘बघू तिथे गेल्यावर’ असं उत्तर येत असेल, तर पहिली खेप दिवसाची करावी. सकाळी जावं, गावातल्या माणसांशी बोलावं, काठ चालून बघावा, संध्याकाळी परत यावं. तंबू पुढच्या खेपेला न्यावा.